हनिमूनची खोली आणि वहीतलं आडनाव

लग्न ठरलेल्या मुलामुलींशी बोलायला आम्ही दोघं कोल्हापुरातल्या वस्त्यांमध्ये जातो. विषय नेहमीचेच असतात. धम्मपद्धतीचा विधी, लग्नाची नोंदणी, हुंडा, दोघांच्या पगाराचा हिशेब, मूल कधी. बोलणं संपून लोक उठायला लागले की एखादा मुलगा मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, "दादा, चार दिवस मुंबईला जायचंय. पंधरा हजारांत बसेल का? उतरायचं कुठं?" गेल्या वेळी हा प्रश्न एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या कानावर पडला. ते म्हणाले, "चळवळीच्या पोरांना हे फिल्मी थेर कशाला? तेवढ्या पैशात ग्रंथ घ्या." मुलगा ओशाळून निघून गेला. त्याला उत्तर द्यायचं राहिलं आणि ज्येष्ठांनाही.

आधी ज्येष्ठांचं. आमच्या भागात नवं जोडपं लग्नानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडायचं ते जोतिबाला. मग अंबाबाई, जमलं तर जेजुरी. जीप भरून माणसं, पुढच्या सीटवर सासरे, मागे लेकरं आणि मधे कुठेतरी अंग चोरून बसलेली नवरी. पण तेवढं तरी फिरणं तिच्या वाट्याला यायचं. १९५६ नंतर आपल्या घरांनी देव सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, जोतिबाच्या खेपा थांबल्या. ते योग्यच झालं. पण त्या खेपांबरोबर नव्या जोडप्याचं दोन दिवस बाहेर पडणंही गेलं, त्याच्या जागी आपण काय ठेवलं? बहुतेक घरांत काहीच नाही. तिसऱ्या दिवशी ती गॅसपुढे आणि तो कामावर. काही घरांत लेण्यांची सहल निघते, तीही पुन्हा जीप भरून! दोन खोल्यांत सात माणसं राहतात त्या घरात नवराबायकोला दार लावून मोठ्याने हसता येत नाही, भांडताही येत नाही. अशा दोघांनी चार दिवस एका बंद दाराच्या खोलीची इच्छा धरली, तर तिला फिल्मी थेर म्हणायचं? ज्यांच्या घरात प्रत्येकाला वेगळी खोली असते, त्यांच्या एकांताला कोणी चैन म्हणत नाही.

यावर हमखास उदाहरण येतं ते रमाईंचं. बाबासाहेबांचं आणि त्यांचं लग्न भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर, उघड्या शेडखाली लागलं. पुढे परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन छोट्या खोल्यांत संसार झाला, त्यात कुटुंबातली इतर माणसं, आणि त्याच जागेत रात्ररात्र चालणारं बाबासाहेबांचं वाचन. १९३५ च्या मे महिन्यात रमाई गेल्या. त्यांच्या वाट्याला विसावा आलाच नाही. म्हणून आज सव्वीस वर्षांच्या मुलीला सांगायचं की तूही तशीच राहा? तशी वेळ पुढच्या कोणावर येऊ नये यासाठी तर ते सगळं सोसलेलं होतं.

आता पैशांचं. ग्रंथ घ्या म्हणणाऱ्यांनी डीजेचा आकडा कधी विचारला आहे का? हळदीच्या रात्रीचा डीजे, मंडप, सहाशे माणसांचं जेवण, मानपानाच्या साड्या. यासाठी बचत गटातून आणि फायनान्स कंपनीकडून कर्ज काढलेलं आम्ही दर वर्षी पाहतो. हप्ते दोन वर्षं चालतात आणि ज्या दोघांचं लग्न झालं त्यांच्या हातात चार दिवसांचे पैसे उरत नाहीत. डीजे काढून टाकला तरी मुंबईचा खर्च निघतो. शिवाय आपल्याला मुहूर्त नाही. या गोष्टीचा आर्थिक फायदा आपण घेतच नाही. ज्यांना पंचांग बघायचं त्यांची लग्नं ठरावीक तारखांना अडकतात, आषाढात थांबतात. आपण जुलैत लग्न करू शकतो. (वर्षावास भिक्खूंचा असतो, वधूवरांचा नाही.) जुलैत हॉल स्वस्त, आचारी मोकळा, आणि मुंबईतल्या खोल्यांचे दर उतरलेले. तरीही आपली सगळी लग्नं मे महिन्यात, इतरांच्याच तारखांना होतात.

म्हणजे जायचं. मग उतरायचं कुठं? घरचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "मुंबईत मामा आहे की!" कोल्हापूरच्या प्रत्येक घराचा एक मामा वरळीला, घाटकोपरला, गोवंडीला किंवा उल्हासनगरला असतो. मामा प्रेमाचा असतो, त्याबद्दल वाद नाही. पण बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. त्यात मामाचं कुटुंब पाच जणांचं. नव्या जोडप्याला जागा द्यायची म्हणून मामा-मामी लेकरांना घेऊन कॉमन गॅलरीत झोपणार, आणि आत हे दोघं छताकडे बघत पडून राहणार. मामाकडे एक दिवस जेवायला जा, मामीसाठी चांगली साडी न्या, संध्याकाळी निघा. मुक्काम करू नका.

लॉज शोधताना तरुण मोबाइलवर आधी दर बघतात. स्वस्त खोली दिसते ती अंधेरी पूर्वेला साकीनाक्याच्या आसपास, नाहीतर वाशी-बेलापूरकडे. खोली मोठी असते, फोटो चकचकीत असतात. पण तुम्ही मुंबई बघायला आलात. वाशीहून सीएसएमटीला लोकलने पाऊण तासाच्या वर लागतो, पुन्हा परत तेवढाच. दिवसाचे दोन तास आणि रात्री परतायची घाई यात वाचवलेले तीनशे रुपये वसूल होत नाहीत. फोर्ट आणि सीएसएमटीचा भाग उलट. मरीन ड्राइव्ह, गेटवे, चर्चगेट सगळं पायी. पण खोल्या काडेपेटीएवढ्या, कित्येकांना खिडकीच नाही, आणि ऑफिसं सुटली की फोर्टच्या आतल्या गल्ल्या ओस पडतात. कुलाब्याच्या मागच्या रस्त्यांवर जुनी गेस्ट हाउस आहेत, गजबज असते, दर मात्र चढे.

आम्ही दादर सांगतो. पश्चिम आणि मध्य दोन्ही लोकल तिथे मिळतात. रात्री अकरालाही रस्त्यावर बायका दिसतात, दुकानं उघडी असतात, वडापावपासून थाळीपर्यंत खिशाला झेपेल असं खायला मिळतं आणि चौकशी मराठीत करता येते. समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. चैत्यभूमी तिथेच, हिंदू कॉलनीतलं राजगृह तिथेच. स्टेशनला चिकटलेले लॉज गोंगाटाचे असतात, दहा मिनिटं आत शिरा. सहा डिसेंबरच्या आसपास जाऊ नका. खोल्या मिळत नाहीत हे एक, आणि त्या दिवसांत शिवाजी पार्कवर आपले लाखो लोक उघड्यावर झोपलेले असताना तुमचंही हनिमूनमध्ये मन लागणार नाही.

चैत्यभूमीला जायचं की नाही, हेही विचारतात. वाटलं तर जा. पण चारही दिवस अभिवादन दौरा करू नका. एक दिवस कान्हेरीला द्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून जास्त लेणी आहेत, पावसाळ्यात सगळा डोंगर हिरवा असतो. घारापुरीला गेटवेवरून लाँच जाते. दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद, तेवढं लक्षात ठेवा.

जागा निवडताना "एरिया चांगला आहे का?" हा प्रश्न सगळेच विचारतात. आम्ही समाजशास्त्र शिकलो म्हणून असेल, पण हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. मोबाइलवरचे लोकांचे अभिप्राय वाचा. भायखळा, मदनपुरा, कुर्ला, गोवंडी, धारावी यांच्याजवळचा लॉज असला की "एरिया चांगला नाही" असं लिहिलेलं सापडतं. चोरी झाली, त्रास झाला असं बहुतेकांनी लिहिलेलं नसतं. फक्त एरिया चांगला नाही. म्हणजे शेजारी कोण राहतं ते आवडलं नाही. कोल्हापुरातही आपल्या वस्त्यांबद्दल लोक हेच म्हणतात आणि आपल्याला राग येतो. मुंबईत गेल्यावर आपणही तेच म्हणणार का? मात्र याच शब्दाच्या आड एक खरी काळजी लपलेली असते, ती फेकून देऊ नका. रात्री दहाला ती एकटी औषध आणायला खाली उतरू शकते का? रस्त्याला दिवे आहेत का? लॉजच्या दारात दारू पिऊन माणसं उभी असतात का? हे प्रश्न तिला विचारायला लावा, फोनही तिलाच करू द्या. उत्तर देणारा बाईशी कसा बोलतो यावरून लॉज निम्मा कळतो. तसंच "शुद्ध शाकाहारी, बाहेरचा मांसाहार आणू नये" ही पाटी. आपल्या स्वयंपाकघरात काय शिजवायचं हे मालक ठरवू शकतो. पण सोवळ्याचा वास येणाऱ्या जागेला आपले पैसे का द्यायचे? तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाने चार दिवस तिथे का काढायचे?

इथपर्यंतचं कोणीही सांगेल. आता आमच्याबाबतीत काय घडलं ते सांगतो, कारण या लेखाचं कारण तेच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही जुलैतच मुंबईला गेलो. खोली फोनवर ठरवली होती, पाचशे रुपये आगाऊ भरले होते. फोनवर नाव विचारलं तेव्हा आमच्यातल्या त्याने स्वतःचं आणि वडिलांचं नाव सांगितलं. आडनाव गाळलं. मुद्दाम नव्हे, सवयीने. कॉलेजपासूनची सवय. तिने ऐकलं आणि विचारलं, "कांबळे का नाही सांगितलंस?" त्याने उडवून लावलं. रात्रीच्या महालक्ष्मीने निघालो, सकाळी दादरला उतरलो. लॉजची खोली बाराला मिळणार होती म्हणून सामान स्टेशनवर ठेवून शिवाजी पार्क फिरलो. बाराला लॉजवर गेलो. काउंटरवरच्या माणसाने दोन्ही आधार कार्डं घेतली, वाचली, पुन्हा वाचली. "कोल्हापूरचे कांबळे का?" असं विचारून आत गेला. बाहेर आला तो पाइप फुटल्याची बातमी घेऊन. खोली देता येणार नाही. त्याच्या मागे फळीवर सहा-सात किल्ल्या लटकत होत्या. त्याने आमचे पाचशे रुपये मोजून परत दिले आणि आम्ही पावसात रस्त्यावर आलो.

त्याने जात विचारली नाही, शिवी दिली नाही. पाइप खरंच फुटला असेलही! आम्हाला आजही खात्रीने सांगता येत नाही, आणि आज जात अशीच वागते. पण त्या दिवशी बॅगा घेऊन चालताना तिने जे विचारलं त्याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. "तू आधीच नाव लपवलंस. आता त्याने नाव बघून खोली नाकारली असं कुठल्या तोंडाने सांगशील?"

बाबासाहेबांनी वेटिंग फॉर अ व्हिसा मध्ये लिहिलेला बडोद्याचा प्रसंग आपल्या प्रत्येक शिबिरात सांगितला जातो. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले, राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी धर्मशाळेच्या वहीत पारशी नाव लिहून राहिले. रोजचं दीड रुपया भाडं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांनी बाहेर काढलं. त्याच पुस्तकात मसूर स्टेशन आहे. लहानगा भीम भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाला होता. चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी एक जण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, गाडी पोरांनीच हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं. हे मसूर आपल्या कोल्हापूर-मुंबई मार्गावर आहे, कराड आणि साताऱ्याच्या मधे. महालक्ष्मीने जाताना ते झोपेत निघून जातं.

बडोद्यात बाबासाहेबांनी दुसरं नाव लिहिलं, कारण खऱ्या नावाला त्या शहरात छप्पर नव्हतं आणि दाद मागायला कायदा नव्हता. आपण फोनवर आडनाव गाळतो तेव्हा कायदा आहे. संविधानाचं कलम १५ (२) दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचं नाव घेऊन सांगतं की जातीच्या कारणाने कोणाला तिथे मज्जाव करता येणार नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा हॉटेल, धर्मशाळा, मुसाफिरखाना इथला मज्जाव गुन्हा ठरवतो. त्याच्या कलम १२ कडे आपले कार्यकर्तेही फारसं लक्ष देत नाहीत. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असं कृत्य घडलं, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलं आहे, त्यामुळे हे आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण आपल्याला आहे. आम्हाला हे तेव्हा माहीत होतं, आम्ही प्रशिक्षणात शिकवतही होतो. तरी तक्रार केली नाही. चार दिवसांची सुट्टी पोलीस ठाण्यात घालवायची नाही म्हणून, आणि आपणच आडनाव लपवलं होतं त्याची लाज म्हणूनही.

म्हणून त्या मुलाला आमचं पहिलं सांगणं हे की खोली पूर्ण नावाने ठरव. आडनावासकट, लेखी. फोनवर बोलणं झालं तरी व्हॉट्सअ‍ॅपवर दोघांची पूर्ण नावं, तारीख आणि दर पाठव, उत्तर मागव. ज्याला आडनाव खटकतं तो तेव्हाच खोली नाही म्हणेल, भर पावसात दारात नाही म्हणणार नाही. आणि दारात म्हणालाच, तर तुझ्या हातात कागद असेल. यावर एक मित्र म्हणतो, हनिमूनला जाताना कशाला पुरावे गोळा करायचे, नाव सौम्य केलं की कटकट मिटते. पण चार दिवस "आपण कोण" हे लपवत बायकोबरोबर राहणं ही कटकट नाही का? तीही तेच आडनाव लावते, किंवा तिचं तिचं माहेरचं लावते. तिला पहिल्याच प्रवासात शिकवायचं काय?

तिचं माहेरचं आडनाव आधारवर असलं की काउंटरवर दुसरा प्रश्न येतो : लग्नाचा दाखला? ओळखपत्र मागणं लॉजचं काम आहे, त्याला नोंद ठेवावी लागते. लग्नाचा पुरावा मागायला कायद्याचा आधार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका प्रकरणात म्हटलं की अविवाहित स्त्री-पुरुषांनी हॉटेलच्या खोलीत एकत्र राहण्याला मनाई करणारा कायदाच नाही. तरी नोंदणीचा दाखला मोबाइलमध्ये ठेवा, रात्री अकराला वाद घालायची हौस कोणाला नसते. घरच्यांच्या विरोधात आंतरजातीय लग्न केलेल्यांना मात्र वेगळा सल्ला. ओळखीच्यांच्या वस्तीजवळ उतरू नका, फोटो परत आल्यावर टाका, आणि २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि हेल्पलाइन करायला सांगितली आहे, तो नंबर निघण्याआधी मिळवा.

कोल्हापूरच्या माणसाला हे सगळं नवीन वाटू नये. राहण्या-उतरण्याचा प्रश्न हा जातीचा प्रश्न आहे हे या शहराने फार आधी ओळखलं होतं. म्हणून शाहू महाराजांनी इथे जातीजातींची बोर्डिंगं उभी केली, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, १९१९ मध्ये धर्मशाळा, विहिरी, दवाखाने खुले करणारे हुकूम निघाले. आणि गंगाराम कांबळे. मराठ्यांच्या पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेला राजवाड्याचा नोकर. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी सत्यसुधारक हॉटेल काढलं, महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घ्यायचे आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावायचे. कांबळे नावाच्या माणसाने भर रस्त्यावर हॉटेल चालवलं त्याला शंभर वर्षं झाली, आणि त्याच गावचा, तेच आडनाव लावणारा शिकलेला मुलगा मुंबईत खोली घेताना ते गाळतो.

आता उरलेला हिशेब. दर विचारताना करासह विचारा. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून जास्त लावला तर बिल मागा. शनिवार-रविवार टाळा. पैसे देण्याआधी दोघांनी खोली बघा. खिडकी, आतली कडी, गरम पाण्याची वेळ. महालक्ष्मी सकाळी पोचवते आणि खोल्या बहुधा दुपारी बाराला मिळतात, म्हणून "लवकर आलो तर किती घ्याल" हे आधीच ठरवा. परत येताना दिवसाची कोयना घ्या.

आम्हाला त्या दुपारी दुसरी खोली मिळाली ती दादर पूर्वेला, १,७०० रुपये रोजाने, तीन रात्रींचे ५,१००. गाडी, खाणं, घारापुरी, मामीची साडी धरून सगळं बारा हजारांच्या आत बसलं. मॅनेजर म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी वही पुढे सरकवली, ती तिने स्वतःकडे ओढून घेतली. दोघांची पूर्ण नावं लिहिली, गाव कोल्हापूर लिहिलं. पुढच्या रकान्यात छापलं होतं "येण्याचे कारण". तिने क्षणभर थांबून "फिरणे" लिहिलं. मॅनेजरांनी वही फिरवून वाचली, किल्ली दिली आणि सांगितलं की गरम पाणी सकाळी सहा ते नऊ येईल.